उत्पन्न किती, हे विचारण्याआधी : खान्देशातून एक खुले पत्र

प्रति,
सचिव, सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय, नवी दिल्ली
अध्यक्ष व सदस्य, राष्ट्रीय कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षणाचा तांत्रिक तज्ज्ञ गट
संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन

महोदय,

खान्देशातल्या शेतकऱ्याला ‘यंदा उत्पन्न किती?’ असे विचारले, तर तो सांगतो, ‘एकरी सहा क्विंटल.’ त्याचे काही चुकलेले नसते. आमच्याकडे उत्पन्न म्हणजे शेतात पिकलेला माल, पैशाला पैसाच म्हणतात. ‘घरात कुणाला पगार आहे का?’ असे विचारले, तर म्हातारी ‘आहे’ म्हणते, कारण निराधार योजनेचे दीड हजार रुपये तिच्या लेखी ‘पगार’च. देशभरात पहिल्यांदाच होणारे कौटुंबिक उत्पन्नाचे सर्वेक्षण ज्या दोन शब्दांवर उभे आहे, ते दोन्ही शब्द इथे वेगळ्या अर्थाने चालतात. म्हणून हे पत्र.

आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सर्वेक्षणाची पत्रके भरणारे, भरलेली पत्रके तपासणारे आणि ते आकडे वर्गात शिकवणारे लोक आहोत. गरीब कोण, मदत कुणाला आणि किती, यावरचे पुढचे वाद याच सर्वेक्षणाच्या आकड्यांवर लढले जाणार आहेत. आकडा एकदा छापला गेला की तो पुढचे सर्वेक्षण येईपर्यंत हलत नाही. तो कागदावर कसा उतरतो हे आम्हाला माहीत आहे, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी जुनी गोष्ट. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९५०च्या दशकात प्रयोग म्हणून उत्पन्न विचारून पाहिले. मग १९व्या फेरीत (१९६४-६५) आणि २४व्या फेरीत (१९६९-७०) पुन्हा विचारले. घरांचे उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीपेक्षा कमी निघाले, म्हणून तो नाद सोडून दिला. १९८०च्या दशकातही एक प्राथमिक चाचणी झाली, त्यातून देशव्यापी सर्वेक्षण काही उभे राहिले नाही. आता २०२६ साठी पुन्हा घाट घातला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये घेतलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पूर्वचाचणीत ९५ टक्के लोकांना ही माहिती नाजूक वाटली, आणि भरलेल्या आयकराबद्दल बहुतेकांनी बोलायचेच नाकारले.

यावरून ‘लोक उत्पन्न लपवतात’ एवढाच धडा घेतला जाईल, ही आमची खरी भीती आहे. लपवतात, हे खरेच. पण आमच्या भागात लपवले जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त सांडते. प्रश्नाला जिथे फट असते तिथून सांडते. जाहिरात करून, विश्वास वाढवून लपवणे कमी होईल, सांडणे कमी होणार नाही. पूर्ण विश्वासाने बोलणारा माणूससुद्धा न विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देत नाही.

कुठे कुठे सांडते, ते सांगतो.

१. ‘गेले वर्ष’ हे कुणाचे वर्ष?

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी घ्या. जून-जुलैत लावली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली तो कांदेबाग. लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जातो. त्यात ‘गेल्या ३६५ दिवसांत खर्च किती, विक्री किती’ असे विचारले, तर एका घरात रोपे, ठिबक, खते, मजुरी असा नुसता खर्चच सापडेल आणि बागाईतदार तोट्यात दिसेल. शेजारच्या घरात कापणी संपलेली असेल आणि खर्च आदल्या वर्षात गेलेला असेल, तो कोट्यधीश दिसेल. दोघांची शेती सारखीच. दुसऱ्या वर्षीच्या पीलबागेला, म्हणजे कापलेल्या खोडाच्या फुटव्यावर धरलेल्या बागेला, रोपांचा खर्च नसतो, म्हणजे तिसराच आकडा. इथे वर्षाचा नाही, बागेचा हिशेब विचारायला हवा: लावली कधी, कापून संपली कधी, त्या एका बागेला एकूण किती घातले आणि किती आले. मग ते बारा महिन्यांवर वाटण्याचे काम कार्यालयातल्या संगणकाने करावे. शेतकऱ्याकडून करून घेऊ नये.

शिवाय केळीवाला क्षेत्र हेक्टरात सांगत नाही. तो म्हणतो, ‘पाच हजार खोडं आहेत.’ पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात साधारण १,७४० खोडे बसतात, सहा बाय पाचवर १,४५०. लागवडीचे अंतर विचारल्याशिवाय खोडांचे एकर करता येत नाहीत, आणि अन्वेषक (घरोघर जाऊन पत्रक भरणारा) अंदाजाने करतो. पत्रकात ‘खोडे’ आणि ‘अंतर’ असे दोन रकाने दिले की हा प्रश्न मिटला. भावाचेही तसेच. छापून येणारा बोर्डाचा भाव आणि बागेत मिळालेला भाव यांत फरक असतो, वजनात कटती (कपात) जाते. भाव विचारू नये, हिशेबपट्टी (विक्रीची पावती) मागावी आणि तिच्यावरची हातात पडलेली रक्कम लिहावी.

कापसाची तऱ्हा वेगळी. तो एकदम येत नाही, वेच्या-वेच्याने, म्हणजे वेचणी होईल तसा टप्प्याटप्प्याने येतो. पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास गरजेपोटी खेडा खरेदीवाल्याला जातो. दारात काटा, रोख पैसे, पट्टी नाही. पुढचे वेचे जिनिंगला (सरकी काढणाऱ्या कारखान्याला) किंवा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जातात, तिथले पैसे खात्यात येतात. ‘कापूस किती विकला?’ असे एकदाच विचारले, की माणूस खात्यात आलेलाच सांगतो, रोखीचा पहिला वेचा त्याच्या मनातून कधीच खर्च झालेला असतो. आणि उरलेला कापूस घरात. २०२१-२२च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेवर पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, खाजेने अंग फोडून घेतले आणि उन्हाळ्यात पडत्या भावाने काढला. असा न विकलेला माल उत्पन्नात धरायचा की नाही, आणि धरायचा तर कोणत्या दिवसाच्या भावाने, हे सूचनापुस्तिकेत एका ओळीत स्पष्ट लिहिलेले नसेल तर दर अन्वेषक आपापला नियम लावेल.

आपल्याच मंत्रालयाच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीत शेतकरी कुटुंबांच्या पाहणीने हे बऱ्यापैकी सांभाळले होते. एकाच घरी दोन भेटी, जुलै ते डिसेंबर आणि जानेवारी ते जून असे दोन भाग. त्यातून २०१८-१९ या कृषी वर्षासाठी देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले, आणि त्यात मजुरीचे ४,०६३ हे पिकाच्या ३,७९८ पेक्षा जास्त होते. शेतकऱ्याच्या घरात मजुरी मोठी निघते, हे एका भेटीत, कुटुंबप्रमुखाला विचारून कधीच कळले नसते. हाताशी असलेली ही पद्धत बाजूला ठेवायचे कारण आम्हाला दिसत नाही.

२. उचल

धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर इथून दरवर्षी माणसे ऊसतोडीला जातात. कुणी दक्षिण गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. मोजणी माणशी होत नाही, कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे जायचे, तोडलेल्या टनांवर ती फेडायची, उन्हाळ्याच्या तोंडी परतायचे. फिटली नाही तर बाकी पुढच्या साली.

आता हे घर पत्रकात कसे उतरते पाहा. अन्वेषक सप्टेंबरात गेला, तर घरात रोकड आहे, काम नाही. उचल ‘कर्ज’ म्हणून लिहिली जाते आणि मजुरी शून्य. डिसेंबरात गेला तर घराला कुलूप. मे महिन्यात गेला तर मजुरी झालेली आहे, पण हातात काही आले नाही, कारण सगळे उचलीत वळते झाले. माणूस खरेच सांगतो, ‘काही मिळालं नाही.’ पुन्हा शून्य. तिन्ही वेळा उत्तर खरे आणि आकडा चूक.

योग्य रीत अशी: उचल मिळाली त्या दिवशी ती देणे म्हणून लिहायची, जेवढे टन तोडले तेवढी मजुरी उत्पन्नात धरायची, आणि खावटीला (हंगामात खाण्यासाठी) मिळालेले धान्य व शेवटच्या हिशेबात त्याची झालेली कपात वेगळी लिहायची. विचारायचे चार प्रश्न: किती कोयते गेले, उचल किती, टन किती आणि दर किती, बाकी किती राहिली किंवा फिरली. पाचवा प्रश्न बाईला विचारायचा, वाढे विकून किती आले? उसाचे वाढे (शेंड्याची हिरवी पाने) चाऱ्याला जाते, त्याच्या पेंढ्या तीच बांधते आणि तो पैसा मुकादमाच्या वहीत नसतो.

कोयता जोडीचा असल्याने मजुरी नवऱ्याच्या नावावर लिहून बायकोपुढे ‘घरकाम’ लिहिले जाते. पत्रकात जोडीच्या कामासाठी सोय नसेल तर हे असेच चालत राहील.

सालदाराचेही (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचेही) थोडे असेच आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरते, काही पैसा, काही धान्य, आणि वर्षभर तो गरजेप्रमाणे उचलत राहतो. त्याला ‘महिन्याला किती?’ विचारून काय मिळणार? ‘आखाजीले कितलामा ठरनं?’ (आखाजीला कितीत ठरले?) एवढे विचारा, तो धान्यासकट सगळे सांगेल.

जाता जाता सोसायटीचे नवे-जुने. मार्चअखेर पीककर्ज भरायचे, त्यासाठी हातउसने घ्यायचे, एप्रिलात नवे कर्ज उचलून ते परत करायचे. खात्यावर दोन मोठ्या नोंदी दिसतात, पण घरात दमडी आलेली नसते. पासबुक बघून आकडे भरणाऱ्या नवख्या अन्वेषकाला हे शिकवलेच पाहिजे.

३. सरकारी मदत

हा रकाना सोपा वाटतो. सरकारनेच दिलेला पैसा, सरकारलाच माहीत. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पहिला घोळ नावांचा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत, राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००, तेही दोन-दोन हजारांनीच. दोन्ही शेतकऱ्याच्या तोंडी ‘दोन हजार’. ‘दोन हजार येतात का?’ ‘येतात.’ एकाच योजनेवर खूण पडली, सहा हजार सांडले. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, पण जिला या दोन शेतकरी योजनांचे पैसे मिळतात तिला फरकाचे ५०० मिळतात. टॅब्लेटमध्ये योजना निवडली की १,५०० आपोआप येतील अशी ‘सोय’ कुणी केली, तर ती या बायकांच्या बाबतीत तिप्पट आकडा लिहील. रक्कम कधीही आधी भरलेली नसावी.

दुसरा घोळ महिन्याचा. जुलै आणि ऑगस्ट २०२४चे लाडक्या बहिणीचे पैसे ऑगस्टमध्ये राखीच्या आधी एकत्र तीन हजार आले. निराधारचे तर तुंबतात आणि मग एकदम पडतात. ‘गेल्या महिन्यात किती आले?’ याचे खरे उत्तर कधी शून्य, कधी दुप्पट. बारा महिन्यांचा आढावाच घ्यावा लागेल.

तिसरा घोळ खात्याचा. थेट जमा होणारा पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातो. बाईने अर्जावर लिहिलेले खाते एक, पैसा पडतो दुसऱ्याच बँकेत, कधीतरी जनधन मोहिमेत उघडलेल्या खात्यात. तिला वाटते आला नाही, सरकारी नोंदीत आलेला आहे. काढायला गावातल्या बँकमित्राकडे अंगठा लावायचा, तो सांगेल तेवढे घ्यायचे. म्हणून एका प्रश्नाऐवजी तीन विचारा: मंजूर आहे का, कोणत्या महिन्यांत खात्यात पडले, हातात किती आले. आणि ‘माहीत नाही’ला स्वतःचा संकेतांक द्या. आज ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ एकाच खड्ड्यात जातात. पुढे विश्लेषण करणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत.

चौथी गोष्ट, जी पैशात येतच नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल एप्रिल २०२४ पासून माफ. बायकांना एसटीचे अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून. यांची किंमत घरातल्या माणसाला विचारणे म्हणजे त्याच्याकडून गप्पा वदवून घेणे. त्याला फक्त प्रमाण विचारा: किती किलो उचलले, पंप किती अश्वशक्तीचा, बिल कुणाच्या नावावर. किंमत आपण लावा, आणि कशी लावली ते जाहीर करा. उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात हे झालेले आहे. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागाचा दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता, फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत मिळवल्यावर तो ४,२४७ झाला. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले, हे चांगले केले. इथेही तसेच हवे, कारण भाकरी खाणाऱ्या घरात रेशनच्या तांदळाची किंमत बाजारभावाने लावायची की तो ज्या भावाने विकला जातो त्या भावाने, यावर प्रामाणिक माणसांतही मतभेद होतील.

आणि कृपा करून लाडक्या बहिणीचा प्रश्न बहिणीलाच विचारा, सासू-नवऱ्यासमोर नाही. घरच्यांना ठाऊक असलेली आणि तिच्या हातात राहिलेली रक्कम एकच असेल असे धरून चालू नये.

४. घर म्हणजे कोण?

आपल्या व्याख्येनुसार एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातच मोजायचा. ऊसतोड मजूर पाच-सहा महिने बाहेर असतो, अगदी सीमारेषेवर. कारखाना लवकर बंद झाला तर तो घरचा, उशिरा बंद झाला तर परका. सुरतेत कापडाच्या कामावर असलेला मुलगा दर आखाजी-दिवाळीला येतो, पैसे पाठवतो, गावातले घर त्याच्याच पैशाने उभे राहते, पण तो मोजला जात नाही. त्याच्या पैशाला जागा आहे, पण तो रोख येत नाही. फोनवरून दुकानदाराला, दवाखान्याला, बी-बियाणेवाल्याला परस्पर जातो. ‘बाहेरून पैसे येतात का?’ याला ‘नाही’ हे उत्तर मिळते. ‘बाहेरगावचे कुणी तुमची उधारी, फी, बिल भरले का?’ असे विचारा.

आश्रमशाळेत राहणारी मुले घरात मोजायची नाहीत, तर त्यांच्या जेवणा-राहण्याचा सरकारी खर्चही या घरापुढे दिसणार नाही. निदान ‘आश्रमशाळेत किती मुले?’ एवढा एक प्रश्न ठेवा.

कुलूपबंद घराच्या जागी दुसरे घर घेण्याची रीत इथे घातक ठरते. सातपुड्यातल्या पाड्यावर हिवाळ्यात जी घरे उघडी असतात, ती म्हाताऱ्यांची किंवा स्थलांतर न करणाऱ्यांची. म्हणजे बदली घर हे निराळ्याच प्रकारचे घर असते. नंदुरबार आणि पश्चिम धुळ्यात घरांची यादी पावसाळ्यात करा, आणि बंद सापडलेल्या घरी उन्हाळ्यात पुन्हा जा.

५. तीन दाखले, तीन उत्पन्ने

लोक का बिचकतात, ते सरकारी कागदांवरच लिहिलेले आहे. संजय गांधी निराधारसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत हवे. प्राधान्य रेशन कार्डाला ग्रामीण भागात ४४,०००, शहरात ५९,०००. लाडक्या बहिणीला अडीच लाख. एकच घर या तिन्ही टेबलांवर जाते आणि प्रत्येक टेबलावर बसेल असा आकडा घेऊन जाते. निराधारचे वर्षाचे १८,००० धरले तर २१,०००च्या मर्यादेत महिन्याला २५० रुपये उरतात. एवढ्यावर कुणी जगत नाही, हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असते. मग टॅब्लेट घेतलेला माणूस दारात येतो, तेव्हा घरवाला मनात एकच हिशेब करतो, की कुठल्या टेबलावर काय लिहिले होते?

यावर उपाय भाषणाचा नाही, चालीरीतीचा आहे. तलाठी, ग्रामसेवक, रेशन दुकानदार, सरपंच यांची मदत गाव समजून घेण्यापुरती, यादी करण्यापुरती घ्या. मुलाखतीच्या वेळी ते ओट्यावरही नकोत. आधार क्रमांक विचारू नका, पासबुकाचा फोटो काढू नका. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८च्या कलम ९ नुसार माहिती गुप्त राखायची आहे, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, अधिकाऱ्याच्या सहीने छापलेला कागद घरी ठेवून या, वाचून दाखवून परत आणू नका. आणि एकूण रक्कम कधीही विचारू नका. तुकडे विचारा, बेरीज घरी येऊन करा. बेरीज मोठ्याने बोलली गेली की माणूस सावध होतो आणि मागचे तुकडे कमी करायला लागतो.

स्वतः ऑनलाइन भरून देण्याचा पर्याय ठेवणार असाल, तर तो भुसावळच्या रेल्वे वसाहतीत चालेल. तोरणमाळला तो ‘प्रतिसाद नाही’ याचे दुसरे नाव ठरेल.

६. आठवण

अमेरिकेत उत्पन्न आणि सरकारी मदतीचे असे सर्वेक्षण १९८३ पासून चालते. त्याच घरांकडे दर चार महिन्यांनी जायचे आणि मधल्या चार महिन्यांचे विचारायचे, अशी रीत होती. तरीही आढळले ते असे: मदत सुरू झाली किंवा थांबली, हे बदल लोक दोन मुलाखतींच्या नेमक्या सांध्यावर सांगत. चार महिन्यांच्या आत सगळे ‘तसेच चालू’. २०१४ मध्ये त्यांनी रचना बदलली, वर्षातून एकच मुलाखत ठेवली आणि वर्षाचे घटना-कॅलेंडर पुढे मांडून आठवण जागी करायला सुरुवात केली. एका भेटीचा भाग उचलावा असे आम्ही म्हणत नाही. इथे दोन तरी हव्यातच. कॅलेंडर मात्र जरूर उचलावे, फक्त इंग्रजी महिन्यांचे नको.

खान्देशासाठी त्याच्या खुणा अशा: आखाजी, मृग, कानबाई, पोळा, दसरा, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा, संक्रांत, भोंगऱ्या आणि होळी. सातपुड्यात मोहफूल वेचायचे दिवस ही स्वतंत्र खूण ठेवा, कारण मोह, चारोळी यांचा पैसा आठवडे बाजारात येतो आणि तिथेच मीठ-मिरचीत जातो, तो दुसऱ्या कुठल्याच प्रश्नात सापडणार नाही. भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोण कुठे होते ते भरायचे, मग कोणते काम होते, मग कोणती मदत आली, मग काय विकले. रक्कम सगळ्यात शेवटी. रकमेपासून सुरुवात केली की उरलेले कॅलेंडर रकमेला शोभेल असे भरले जाते.

भाषेबद्दल वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. धुळ्याच्या खेड्यात अहिराणी, रावेर-यावलला लेवा गणबोली, धडगावला पावरी आणि भिली. प्रश्नपत्रिका प्रमाण मराठीत असू द्या, पण जिल्हावार शब्दसूची जोडा. ‘औंदा कपाशीना कितला पैसा उना?’ (यंदा कपाशीचा किती पैसा आला?) या प्रश्नाला कुणी क्विंटलमध्ये उत्तर देत नाही.

७. नमुना आणि प्रदेश

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या प्रदेशांत जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक मिळून ‘अंतर्गत उत्तर’ हा एकच प्रदेश होतो. नाशिकची द्राक्षे, कांदा आणि कारखाने एका पारड्यात, आणि धडगावची डोंगरउतारावरची शेती त्याच पारड्यात. येणाऱ्या सरासरीसारखे घर या चारही जिल्ह्यांत शोधून सापडायचे नाही. श्रमशक्तीच्या सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून आपण जिल्हा हा मूळ स्तर केला. तेच इथे करा, आणि राज्याचा नमुना जोडून निदान ‘नाशिक’ व ‘खान्देश’ असे दोन अंदाज द्या. नंदुरबारचा स्वतंत्र मिळाला तर उत्तमच.

घरांची निवड जमिनीच्या आकारावरून करू नका. साक्री तालुक्यातली पाच एकर कोरडवाहू आणि रावेरची दोन एकर केळी यांत श्रीमंत कोण, हे शेंबडे पोरही सांगेल. यादी करतानाच बागायत किती, पंप किती आणि गेल्या वर्षी घरातून कोयता गेला का, हे तीन प्रश्न विचारले तर वरची आणि खालची दोन्ही टोके नमुन्यात येतील.

८. ताळा

शेवटी त्या १९६४-६५च्या दुखण्याकडे येतो. उत्पन्न खर्चापेक्षा कमी निघाले तर ते फेकून देऊ नका, आणि कार्यालयात बसून जुळवूही नका. प्रत्येक घराचा जमा-खर्च त्याच भेटीत मांडा. एका बाजूला उत्पन्न, मदत, घेतलेले कर्ज, विकलेली शेळी, मोडलेला दागिना. दुसऱ्या बाजूला खर्च, फेड, दिलेले उसने, घेतलेले सोने, बँकेतली शिल्लक. फरक मोठा आला तर अन्वेषकाने तिथेच फटींचे प्रश्न पुन्हा विचारावेत: पहिला वेचा, वाढे, बाहेरून भरलेली उधारी, दुसऱ्या खात्यातली मदत. तरीही फरक राहिला तर तो ‘फरक’ या रकान्यात जसाच्या तसा लिहावा. वरिष्ठांच्या धाकाने पत्रके ‘ताळ्यात बसवली’ जाणार नाहीत, हे सूचनापुस्तिकेत लिहा. तोटा लिहायला ऋण आकड्याची सोय ठेवा, नाहीतर बुडालेली केळीची बाग शून्यावर येऊन थांबेल.

हे सगळे एका बैठकीत होत नाही. उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात २०२२-२३ पासून आपण तीन महिन्यांत तीन भेटी सुरू केल्या, एका गावात १८ घरे ठेवून. इथेही भेटी वाढवा आणि त्या हिशेबाने माणसे वाढवा. कंत्राटी अन्वेषकाला रोजची पत्रकसंख्या बांधून दिली, तर वर लिहिलेले सगळे प्रश्न तो स्वतःच भरून मोकळा होईल.

आमची मागणी लगेच करता येण्याजोगी आहे. मुख्य सर्वेक्षणाची प्रश्नपत्रिका कायम करण्याआधी खान्देशात तीन ठिकाणी पुन्हा पूर्वचाचणी घ्या: रावेर किंवा यावलचे एक केळीचे गाव, धुळे तालुक्यातले एक कापसाचे, धडगावचा एक पाडा. प्रत्येक ठिकाणी निम्म्या घरांना आताची प्रश्नपत्रिका, निम्म्यांना वर सुचवलेली. दोन भेटी द्या, एक पोळ्याच्या सुमारास, कोयते निघण्याआधी, आणि दुसरी आखाजीनंतर, ते परतल्यावर. दोन्ही पद्धतींतला ‘फरक’ रकाना जाहीर करा, मराठीतही. पत्रके भरायला, भाषेला, शब्दसूचीला माणसे लागली तर ती इथे आहेत.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले काही अन्वेषक, पर्यवेक्षक आणि अर्थशास्त्राचे शिक्षक